युद्धनौकेवर लेझर बसवायचा तर हिशेब जनरेटरपासून सुरू करा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची बरीच पोरं सेमिनारला नौदलाची लेझर शस्त्रं हा विषय घेतात, आणि विषय भारीच आहे, पण निम्मं प्रेझेंटेशन जळणाऱ्या ड्रोनच्या फोटोंवर संपतं आणि जहाजावर एवढी वीज येणार कुठून, तापलेलं यंत्र गार कसं होणार हे कुणी विचारतच नाही. माझ्या मते खरं शस्त्र तिथेच आहे, जनरेटर रूममध्ये आणि चिलरमध्ये, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्रात. म्हणून एखाद्या विनाशिकेवर लेझर बसवायचा हिशेब कागदावर कसा मांडायचा ते इथे सांगतोय. कॅल्क्युलेटर आणि बारावीचं फिजिक्स पुरेल.

आधी मारायचं काय ते ठरवा. ऑक्टोबर २०२३ पासून लाल समुद्रात येमेनमधल्या हूथी बंडखोरांची ड्रोन पाडायला अमेरिकन विनाशिकांनी जी क्षेपणास्त्रं वापरली त्यातल्या एसएम-२ ची किंमत अंदाजे २० लाख डॉलर, आणि समोरचं ड्रोन त्याच्या तुलनेत अगदीच स्वस्त. लेझरकडे सगळे वळतायत ते याच कारणाने, ब्रिटनच्या ड्रॅगनफायर लेझरचा एका शॉटचा खर्च १० पौंडांपेक्षा कमी सांगतात. पण ड्रोन, छोटी बोट आणि सुपरसॉनिक क्षेपणास्त्र ही तीन वेगळी गिऱ्हाइकं आहेत. २०१४ मध्ये पर्शियन आखातात यूएसएस पॉन्स या अमेरिकन जहाजावर जो लॉज नावाचा लेझर होता तो ३० किलोवॅटचा, आत सहा बाजारात मिळणारे वेल्डिंगचे फायबर लेझर एकत्र जोडलेले, तो ड्रोन आणि बोटींसाठी. आपल्या डीआरडीओने १३ एप्रिल २०२५ ला कुर्नूलला दाखवला तोही ३० किलोवॅटचाच, गाडीवरचा. यूएसएस प्रेबल या अमेरिकन विनाशिकेवरचा हेलिऑस लेझर ६० किलोवॅटच्या वर्गातला. क्षेपणास्त्राचं कवच फोडायचं तर शेकडो किलोवॅटमध्ये जावं लागतं. एकच लक्ष्य निवडा आणि शेवटपर्यंत तेच धरा.

आता वीज, आणि इथे घाई करू नका. फायबर लेझरची (काचेच्या तंतूत किरण तयार करणाऱ्या लेझरची) कार्यक्षमता साधारण ३० टक्के धरा. म्हणजे ६० किलोवॅटच्या किरणासाठी २०० किलोवॅट वीज, ३०० किलोवॅटसाठी १ मेगावॅट. मग जहाज बघा. अमेरिकेच्या आर्ली बर्क वर्गाच्या विनाशिकेला चार गॅस टर्बाइन मिळून सुमारे १ लाख हॉर्सपॉवर, म्हणजे ७५ मेगावॅटच्या आसपास, पण ही सगळी ताकद गिअरबॉक्समधून थेट शाफ्टला जाते आणि प्रोपेलर फिरवते, त्यातला एक वॉटही लेझरला मिळत नाही. विजेचे जनरेटर वेगळे, याच वर्गाच्या फ्लाइट ३ या नव्या आवृत्तीत ४ मेगावॅटचे तीन, म्हणजे एकूण १२, आणि त्यातला एक बिघडला तरी जहाज लढलं पाहिजे म्हणून हिशेबाला ८ च धरायचे. त्यात रडार, पंप, एसी, संगणक सगळे आधीच हात पसरून बसलेत. अमेरिकेच्याच झुमवॉल्ट वर्गाच्या विनाशिकेत उलटं केलंय, टर्बाइन फक्त वीज बनवतात, ७८ मेगावॅट, आणि प्रोपेलर मोटरवर फिरतो, त्यामुळे वेग कमी केला की उरलेली वीज दुसरीकडे वळवता येते. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आपल्या विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकासुद्धा गिअरबॉक्सवाल्याच आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारत आणि ब्रिटनने जहाजांच्या इलेक्ट्रिक प्रोपल्शनवर सहकार्याच्या इरादापत्रावर सही केली, त्या बातमीकडे फार कुणी बघितलं नाही, पण माझ्या दृष्टीने ती लेझरच्या कुठल्याही बातमीइतकी मोठी आहे.

म्हणून तुमच्या कागदावरचा पहिला तक्ता हा लोडचा, म्हणजे कुठल्या वेळी किती वीज लागते याचा असला पाहिजे: बंदरात, सावकाश गस्तीवर, पूर्ण वेगात, लढाईत, आणि लढाईत एक जनरेटर गेलेला असताना. शेवटच्या ओळीत लेझर बसत नसेल तर बॅटरी लागणार. ३०० किलोवॅटचा लेझर २० सेकंद चालवायला १ मेगावॅट गुणिले २० सेकंद, म्हणजे २० मेगाज्यूल, युनिटमध्ये जेमतेम साडेपाच. वाटतं की हे तर इलेक्ट्रिक कारमधल्या बॅटरीत सहज मावेल. ऊर्जा मावते, पण ती किती जोरात बाहेर काढता येते तो प्रश्न वेगळा. जी बॅटरी सहा मिनिटांत पूर्ण रिकामी करता येते अशी घेतली तर १ मेगावॅटसाठी १०० युनिटची लागेल. आणि लिथियमची बॅटरी जहाजाच्या पोटात पेटली तर काय, हे डिझाइनमध्ये पहिल्या दिवसापासून पाहिजे, वेगळी खोली, वेगळी हवा, वेगळी अग्निशमन व्यवस्था. फ्लायव्हील, म्हणजे जोरात फिरणारं जड चक्र, हा दुसरा मार्ग, यूएसएस फोर्ड या विमानवाहू जहाजावर विमानं फेकणारी इमाल्स यंत्रणा फिरत्या चक्रांतच ऊर्जा साठवते आणि ४५ सेकंदांत परत भरते.

आता उष्णता. ६० किलोवॅट बाहेर गेले, २०० आत आले, मग १४० किलोवॅट यंत्रातच उरले. एसीच्या भाषेत ४० टन. २० सेकंदांच्या शॉटमध्ये २.८ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे १३५ लिटर पाणी ५ अंशांनी तापतं. ३०० किलोवॅटच्या लेझरला हेच ६७० लिटर. त्यामुळे थंड पाण्याची एक टाकी ठेवायची, शॉटची उष्णता ती गिळणार आणि दोन शॉटच्या मधल्या वेळात चिलर ती समुद्रात टाकणार. पण मे महिन्यात अरबी समुद्राचं पाणी ३० अंशांच्या घरात असतं हे विसरू नका, उत्तर अटलांटिकचे आकडे इकडे चालत नाहीत. ब्रिटनच्या टाइप ४५ विनाशिकांचं उदाहरण जरूर घ्या: त्या पूर्ण इलेक्ट्रिक, डिझाइन एकदम पुढचं, पण गरम पाण्यात टर्बाइनच्या कूलिंगला ताण येऊन जहाजाची वीजच जायची, आणि शेवटी नवे जास्त ताकदीचे डिझेल जनरेटर बसवायचा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. ड्रॅगनफायर याच वर्गावर बसणार आहे, म्हणजे आधी वीज दुरुस्त आणि मग लेझर, क्रम बघा.

इथपर्यंत जमलं तर किरणाकडे या. तरंगलांबी साधारण १ मायक्रॉन, आरसा ३० सेंटिमीटरचा, लक्ष्य ५ किलोमीटरवर, तर आदर्श ठिपका ४ सेंटिमीटरच्या थोडा वर येतो. अंतर दुप्पट केलंत की ठिपक्याचं क्षेत्रफळ चौपट आणि तीव्रता पाव. त्यात जहाज हलतंय, इंजिन थरथरतंय, आणि किरणाची दिशा फक्त १० मायक्रोरेडियन (दर किलोमीटरला १ सेंटिमीटर) ढळली तरी ५ किलोमीटरवर ठिपका ५ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या रुंदीहून जास्त. लक्ष्याच्या एकाच जागी तीन-चार सेकंद ठिपका धरून ठेवणं हे लेझर बनवण्याइतकंच अवघड काम आहे. हवेचं नुकसान वेगळं: दर किलोमीटरला १० टक्क्यांच्या आसपास गेले तर ५ किलोमीटरवर ६० टक्के उरतात, २० टक्के गेले तर एक तृतीयांशच. कोकण किनाऱ्यावरचा जुलै डोळ्यासमोर आणा आणि त्या दिवसाचा आकडा कागदावर वेगळा लिहा, तेव्हा लेझर जवळपास बंदच धरायचा. अजून एक गोष्ट पुस्तकात मागच्या पानावर असते, पण समुद्रावर महत्त्वाची आहे. क्षेपणास्त्र सरळ तुमच्याकडेच येत असेल तर किरण हवेच्या त्याच त्या पट्ट्यातून जातो, ती हवा तापते आणि भिंगासारखी किरण पसरवते. आडवा वारा असेल तर बरं.

मग वेळेचं गणित. क्षेपणास्त्र सेकंदाला ३०० मीटर, ५ किलोमीटरवरून १ किलोमीटरवर यायला १३ सेकंद. एकावर ४ सेकंद आणि पुढच्याकडे वळून नेम धरायला २ सेकंद म्हटले तर दोन होतात, तिसरं आलं तर त्याच्यासाठी तोफ किंवा क्षेपणास्त्र पाहिजेच. म्हणून लेझर बसवायला जुन्या तोफा काढायच्या असला प्रस्ताव देऊ नका.

आता विजेवरच चालणाऱ्या दुसऱ्या शस्त्राचं, रेलगन नावाच्या तोफेचं थोडक्यात. दोन रुळ, मध्ये सरकणारा तुकडा, लाखो अँपिअरचा प्रवाह, त्यातून येणारा जोर गोळा फेकतो. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेने डाल्ग्रेनच्या नौदल केंद्रात ३३ मेगाज्यूलचा शॉट घेतला, पण रुळांची झीज काही आटोक्यात येईना आणि २०२१ मध्ये काम थांबलं. जपानने मात्र सोडलं नाही, ऑक्टोबर २०२३ मध्ये जहाजावरून रेलगन डागल्याचं त्यांनी जाहीर केलं. आपल्याकडे पुण्यात पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने यावर काम केलंय. हिशेब करायचा असेल तर मिनिटाला दहा शॉट धरा, म्हणजे दर सहा सेकंदांना ३२ मेगाज्यूल, आणि एक तृतीयांश कार्यक्षमता, उत्तर १६ मेगावॅट येतं. वरच्या १२ मेगावॅटच्या जहाजावर ही तोफ का बसत नाही ते एका ओळीत कळतं.

शेवटचा तक्ता बहुतेक जण करतच नाहीत, तो म्हणजे कुठे मारायचं नाही याचा. किरण लक्ष्यावर थांबला नाही तर पुढे जात राहतो, मागे प्रवासी विमान असू शकतं, वर उपग्रह असतात, शेजारी आपलंच हेलिकॉप्टर उतरत असतं. माणसाला कायमचं आंधळं करण्यासाठी बनवलेल्या लेझरवर १९९५ च्या आंतरराष्ट्रीय प्रोटोकॉलने बंदी आहे, भारताने तो मान्य केलाय. आरसा जहाजावर कुठे बसणार, त्याला आकाशाचा कुठला भाग दिसणार, कुठल्या कोनात सॉफ्टवेअर किरण आपोआप बंद करणार हे जहाजाच्या चित्रावर काढा, आणि त्याच चित्रात आरशावरचं मीठ धुवायला गोड्या पाण्याचा पाइप कुठून येणार तेही दाखवा.