गोव्यातून विक्री करताना बिलावर कर कुठला? या चुका टाळा

सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा मिळून जीएसटी) लावायचा की आयजीएसटी (राज्याबाहेरच्या व्यवहारांवरचा जीएसटी), हा प्रश्न गोव्यातल्या व्यापाऱ्याला रोजच पडतो. उत्तरेला सावंतवाडी, दक्षिणेला कारवार आणि काउंटरसमोर जगभरातून आलेला पर्यटक. बहुतेक जण गिऱ्हाईक कुठलं आणि पैसे कुठल्या चलनात आले यावरून कर ठरवतात आणि तिथेच चुकतात. कायदा बघतो तो पुरवठ्याचं ठिकाण, म्हणजे माल किंवा सेवा जिथे पुरवली असं कायदा धरतो ती जागा. तुमचा धंदा गोव्यात आणि पुरवठ्याचं ठिकाणही गोवाच असेल, तर सीजीएसटी-एसजीएसटी. ठिकाण दुसऱ्या राज्यात असेल, तर आयजीएसटी.

हॉटेलवाल्यांची चूक फार महाग पडते. पुण्याच्या कंपनीचा माणूस कळंगुटला राहतो. खोलीचं भाडं रोजचं ९,००० रुपये. निघताना तो २७ ने, म्हणजे महाराष्ट्राच्या कोडने सुरू होणारा जीएसटी नंबर पुढे करतो आणि आयजीएसटी लावून बिल मागतो, कारण मग त्याच्या कंपनीला क्रेडिट मिळेल, म्हणजे हा कर तिच्या स्वतःच्या करातून वजा होईल. रिसेप्शनवरचा मुलगा गिऱ्हाईक राखायला तसं बिल काढून देतो. पण राहण्याच्या सोयीचं पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे ती इमारत जिथे उभी आहे ते. १८ टक्के दराने सीजीएसटी ८१० आणि एसजीएसटी ८१०, दुसरा पर्याय नाही. पुण्याच्या नोंदणीवर गोव्याच्या या कराचं क्रेडिट मिळत नाही, हे त्याला नम्रपणे पण ठामपणे सांगा. कंपनीची गोव्यातही नोंदणी असेल, तर ३० ने सुरू होणारा गोव्याचा नंबर मागून घ्या.

यापेक्षा घातक समज म्हणजे ‘डॉलर आले, म्हणजे निर्यात झाली’. परदेशी टूर कंपनीने खोल्या आरक्षित करून परकीय चलनात पैसे पाठवले, तरी इमारत गोव्यातच आहे. लंडनच्या कुटुंबाचं लग्न तुम्ही बेतूलच्या किनाऱ्यावर लावून दिलंत, तर समारंभ जिथे झाला तेच ठिकाण धरतात. मांद्र्यात परदेशी पाहुणा समोर बसून योग शिकतो, तिथेही तेच. या तिन्ही बिलांवर कर लागतो. शून्य दराने बिल काढून मोकळे झालात, तर पुढे नोटीस येते तेव्हा तो पाहुणा केव्हाच मायदेशी गेलेला असतो आणि कर तुमच्या खिशातून जातो. म्हणून दर ठरवतानाच कर धरून सांगा.

खरी निर्यात म्हणजे पर्वरीत बसून जर्मनीतल्या कंपनीचं सॉफ्टवेअर लिहिणं. घेणारा भारताबाहेर, पुरवठ्याचं ठिकाण बाहेर आणि पैसे परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँक परवानगी देते तिथे रुपयांत. इथे चूक होते ती एलयूटीची, म्हणजे आयजीएसटी न भरता निर्यात करण्यासाठी द्यायच्या हमीपत्राची. आरएफडी-११ हा फॉर्म भरून मिळणारं हे हमीपत्र एकाच आर्थिक वर्षापुरतं असतं. एप्रिलचं पहिलं बिल निघण्याआधी नवं भरा, नाहीतर आयजीएसटी भरून परतावा मागण्याच्या चक्रात पडाल. सेवेचे पैसे बिलापासून एक वर्षात यायला हवेत, आणि माल असेल तर तीन महिन्यांत देशाबाहेर जायला हवा.

उलट दिशेची बाजू कित्येकांच्या लक्षातच येत नाही. परदेशी बुकिंग साइट तुमच्याकडून कमिशन घेते, ती सेवेची आयात आहे. साइटच्या बिलावर भारतातला जीएसटी लागलेला नसेल, तर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरायच्या नियमाने, आयजीएसटी तुम्हीच रोखीने (क्रेडिट न वापरता) भरायचा. काजू कारखानदारांना रिव्हर्स चार्ज ओळखीचा आहे, कारण शेतकऱ्याकडून न सोललेली काजूबी घेतली की कर खरेदीदाराने भरायचा असतो.

आता मालाकडे वळू. म्हापशाच्या घाऊक व्यापाऱ्याकडून पुण्याची पार्टी माल घेते आणि सांगते, ‘थेट मडगावच्या दुकानात उतरवा.’ माल गोव्याबाहेर जात नाही, म्हणून बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी लागतो, असं व्यापारी धरून चालतो. ही चूक. ऑर्डर पुण्याच्या पार्टीने दिली, म्हणून पुरवठ्याचं ठिकाण त्या पार्टीचं मुख्य कार्यालय. कर आयजीएसटी, आणि ई-वे बिलावर (मालवाहतुकीच्या ऑनलाइन परवान्यावर) बिलाचा पत्ता पुण्याचा, माल पोचवण्याचा मडगावचा.

काउंटरवरच्या विक्रीचा नियम १ ऑक्टोबर २०२३ पासून बदलला, तरी जुन्या सवयी गेलेल्या नाहीत. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता बिलावर असेल, तर तेच पुरवठ्याचं ठिकाण. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी चालतं. पत्ताच नसेल, तर तुमचं दुकान. सावंतवाडीच्या माणसाने म्हापशात ६०,००० रुपयांचा फ्रिज घेतला, तर ५०,००० च्या वरचं बिल असल्याने नाव-पत्ता लिहावाच लागतो, आणि मग १०,८०० रुपये आयजीएसटी. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रोखीच्या गिऱ्हाइकाला ‘कॅश’ या एकाच खात्यात टाकून राज्य गोवा ठेवलं असेल, तर ही चूक वर्षभर गुपचूप चालू राहते. पार्टी मास्टर, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदींची यादी, आजच उघडून तपासा.

बार चालवणाऱ्यांनी एक पाहावं. दारू जीएसटीत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट आहे. पेट्रोल-डिझेलचंही तसंच. फेणी आणि जेवण मिळून एकच रक्कम लिहू नका, दोन्ही वेगवेगळं दाखवा.

पोर्तुगालला काजूगर किंवा मसाले पाठवणाऱ्यांनी तिथल्या व्हॅटचा विचार आधीच करावा. इथे शून्य दर लागला, तरी तिथे आयातीवर व्हॅट आहेच. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या पार्सलची सूट १ जुलै २०२१ पासून काढून टाकली. तो व्हॅट कोण भरणार हे ऑर्डर घेतानाच लिहून घ्या, नाहीतर दारात आलेलं पार्सल गिऱ्हाईक परत पाठवतं.

चुकीचा कर भरून झालाच असेल, तर घाबरू नका. महिन्याचा जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं विवरणपत्र) भरला आणि ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र) बाकी असेल, तर जीएसटीआर-१ए या दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये दुरुस्त करा. तेही हुकलं, तर पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंत बिलाची दुरुस्ती करता येते. सीजीएसटी-एसजीएसटी भरला आणि लागायचा होता आयजीएसटी, किंवा याच्या उलट झालं, तर बरोबर तो कर भरा. त्यावर व्याज लागत नाही. चुकून भरलेल्याचा परतावा मात्र बरोबर कर भरल्यापासून दोन वर्षांच्या आत मागा.