ओलिताचं वावर वाचवायचं, तर आधी सातबारा काढा

भूसंपादनाची अधिसूचना आली की गावात पहिली गोष्ट मोबदल्याची निघते. मी म्हणतो, आधी सातबारा काढा. आमच्या वर्धा जिल्ह्यात विहिरीच्या वावरात सोयाबीन निघालं की हरभरा पेरतात, पण नोंद फक्त खरिपाची असते. नुकसान इथंच होतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम १० म्हणतं, ओलिताची बहुपीक जमीन अपवादात्मक स्थितीत, शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी. ते सिद्ध करायला कागद लागतो. म्हणून रब्बीचीही ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, वावरात उभं राहून, फोटोसह करा. विहिरीची नोंद नसेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्याच.

अधिसूचना कोणत्या कायद्याखाली निघाली, ते वाचा. महामार्ग, रेल्वे, कालव्याला कलम १० लागत नाही, हे मला फार खटकतं. २०१३ च्या कायद्यात हरकतीला ६० दिवस मिळतात, राष्ट्रीय महामार्ग कायद्यात फक्त २१. प्रत्येक खातेदारानं स्वतंत्र हरकत लिहावी: गट नंबर, दोन्ही हंगामांची पिकं, जवळच्या पडीत जमिनीचा पर्याय. सुनावणीची मागणी त्याच अर्जात करा.