देणगी कोणत्या कामाला द्यावी, हे ठरवताना

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या घरी वर्षभराच्या देणग्यांच्या पावत्या एकत्र केल्या, तेव्हा त्या अकरा संस्थांच्या निघाल्या आणि त्यांपैकी एकाही ठिकाणी आमच्या पैशातून नेमके काय झाले, हे मला सांगता आले नाही. ज्याने मागितले त्याला दिले, याखेरीज त्या पावत्यांमागे दुसरा निकष नव्हता. पुढच्या वर्षी एकूण रक्कम तेवढीच ठेवून आम्ही दोनच कामे निवडली. ती निवडताना ज्या प्रश्नांचा उपयोग झाला, ते येथे मांडत आहे.

सर्वांत मोठे दुःख कोणते, या प्रश्नापासून सुरुवात केली तर निर्णय होत नाही, कारण कर्करोग, कुपोषण आणि अनाथ मुले यांची तुलना करण्याचे माप कोणाजवळच नसते. त्याऐवजी, या कामातील कोणत्या भागाला दुसरे कोणीही पैसे देत नाही, असे विचारावे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक नफा किंवा उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातून शाळेला संगणक मिळतात, बाके मिळतात, भिंती रंगवल्या जातात, म्हणजे ज्यावर नावाची पाटी लावता येते ते बहुधा मिळते. शहापूर-मुरबाडकडील कातकरी कुटुंबे मात्र दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या काळात भट्टीवर जाऊन मुलांची नोंद करणारी, त्यांना जवळच्या शाळेत बसवणारी आणि परतल्यावर गावच्या शाळेत पुन्हा घेतले गेले की नाही हे पाहणारी कार्यकर्ती लागते. तिचे मानधन आणि एसटीचे भाडे द्यायला सहसा कोणी पुढे येत नाही. म्हणून ‘आमचा पैसा पगारावर खर्च होऊ नये’ ही देणगीदारांची अट मला अन्यायाची वाटते. अशा कामात ते माणूसच काम असते, आणि दरमहा येणारी लहान, बिनशर्त देणगी त्याला टिकवून धरते.

खाडीच्या बाबतीतही असेच आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातील कांदळवनांच्या तोडीला मनाई केली. एवढे संरक्षण कागदावर असताना ऐरोली किंवा नेरुळच्या बाजूला भराव पडताना दिसला, तर त्याची छायाचित्रे, तक्रारी आणि प्रसंगी वकील यांसाठी पैसा लागतो. रोपे लावण्याच्या कार्यक्रमाला देणगी देण्यापेक्षा मी हा खर्च उचलणे पसंत करीन.

बालगृहांविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण आपल्याकडे सर्वाधिक ओढा तिकडेच असतो. वाढदिवस, दिवाळी आणि पितृपक्ष या दिवसांत एकाच बालगृहात चार-चार घरांचे जेवण आणि मिठाई येते, आणि चष्मे, दातांचे उपचार, शिकवणी, अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर बाहेर पडणाऱ्या मुलाचे पहिल्या काही महिन्यांचे घरभाडे यांसाठी मात्र निधी नसतो. तेव्हा थाळी देण्याआधी अधीक्षकांना फोन करून कशाची कमतरता आहे, ते विचारावे. बालगृहाची नोंदणी २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली आहे का आणि मुले बालकल्याण समितीच्या आदेशाने दाखल होतात का, हेही विचारावे. त्याच कायद्याने संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करण्यास बंदी आहे. म्हणून देणगीच्या पत्रकावर जी संस्था मुलांचे चेहरे आणि करुण कहाण्या छापते, तिला मी पैसे देत नाही.

एका रुग्णासाठी मोबाइलवर आलेले आवाहन नाकारणे जड जाते, आणि ते नाकारलेच पाहिजे असेही नाही. मात्र राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. कुटुंबाने त्यासाठी आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसाठी अर्ज केला आहे का, हे आधी विचारावे. अनेकदा आपल्या दोन हजार रुपयांपेक्षा ही माहितीच अधिक उपयोगी पडते. पैसे द्यायचेच झाले तर रुग्णालयाच्या खात्यात, रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर भरावेत.

काम ठरल्यावर संस्थेची कागदपत्रे पाहावीत. सार्वजनिक न्यासाचा नोंदणी क्रमांक, मागील तीन वर्षांचे हिशेब, धर्मादाय कार्यालयात ते सादर केल्याची पोच आणि विश्वस्त बदलले असल्यास दाखल केलेला बदल अर्ज, एवढे मागितल्यावर चांगली संस्था रागावत नाही. एकाच घरातील विश्वस्तांची संख्या मोठी असेल, तर थांबावे. ‘८०-जी’ या नावाने ओळखली जाणारी देणगीवरील प्राप्तिकराची सवलत जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही, २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला आणि वस्तुरूप देणगीला ती लागू नाही. सवलत घ्यायची असल्यास साध्या पावतीवर न थांबता संस्थेकडून प्राप्तिकरासाठीचे देणगी प्रमाणपत्र मागून घ्यावे.

पहिल्या वर्षी मोठी रक्कम देऊ नये. झेपेल एवढी रक्कम दरमहा तीन वर्षे देण्याचे ठरवावे, तसे संस्थेला कळवावे, म्हणजे तिला त्या भरवशावर माणूस नेमता येतो, आणि वर्षातून एकदा स्वतः जाऊन यावे. काम ठाणे जिल्ह्यातच निवडण्याचा आमचा आग्रह यासाठीच होता. मुंबईची तहान भागवणारी भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. तेथील पाण्याच्या कामाला देणगी दिली असेल, तर ते पाहायला श्रावणात जाऊ नये, कारण त्या वेळी प्रत्येक विहीर भरलेलीच दिसते. मे महिन्यात जावे, विहिरीत डोकावून पाहावे, आणि हंडा घेऊन आलेल्या बाईंना यंदा टँकर किती वेळा आला, ते विचारावे.