पोटात जंत सोडून घेण्याआधी

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याला सूज आणणाऱ्या आजारांचा पेशंट स्टूलची डबी द्यायला येतो आणि हळूच विचारतो, "मॅडम, जंत पोटात सोडले की हे बरं होतं म्हणे?" लॅबच्या खिडकीत उभ्याउभ्या सांगून होत नाही, म्हणून लिहून ठेवते.

कल्पना खुळचट नाही. जंत आतड्यात वर्षानुवर्षं टिकतात ते आपली प्रतिकारशक्ती नरम करूनच, आणि या आजारांत तीच बिथरलेली असते. 2005 मध्ये अमेरिकेतल्या आयोवात कोलायटिसच्या 54 पेशंटांवर चाचणी झाली. डुकराच्या चाबूककृमीची 2500 अंडी दर दोन आठवड्यांनी घेणाऱ्यांपैकी 43 टक्क्यांना फरक पडला, प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला खोटा डोस, घेणाऱ्यांपैकी 17 टक्क्यांना. पुढे क्रोन्सवर मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांत मात्र अंडी प्लासिबोपेक्षा सरस ठरली नाहीत.

म्हणून, घ्यायचेच तर फक्त चाचणीत. ती सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदलेली आहे का पाहा. हिमोग्लोबिन किती दिवसांनी तपासणार, जंत कधी आणि कशाने मारणार, त्रास झाला तर खर्च कोणाचा, हे लेखी घ्या. पैसे मागितले तर उठून या.

ऑनलाइन मिळणारी जंतांची कुपी नकोच. हुकवर्म या रक्त पिणाऱ्या जंताच्या अळ्या माणसाच्या विष्ठेतूनच वाढवतात. भिंगाखाली अंडं ओळखू येतं: लंबगोल, काचेसारखं पातळ कवच, आत चार-आठ पेशी. पण हुकवर्मच्या दोन जातींची अंडी हुबेहूब सारखी दिसतात, आणि त्यातली एक जात दुसरीपेक्षा कितीतरी जास्त रक्त पिते. त्याच विष्ठेत काविळीचा विषाणू असला तर तो मला दिसतच नाही.

त्यापेक्षा एक काम आधी करा. या आजारासाठी स्टेरॉईड सुरू होणार असतील आणि तुम्ही शेतात, ओल्या मातीत अनवाणी वावरला असाल, तर स्ट्रॉन्जिलॉइडिस नावाच्या जंताची तपासणी मागून घ्या. हा जंत शरीरातच वाढत राहतो. स्टेरॉईडवर तो फुप्फुसांपर्यंत पसरून जीव घेऊ शकतो. एका डबीत तो अनेकदा सापडत नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन द्या. नमुना ताजा हवा, लघवी मिसळू देऊ नका, फ्रिजमध्ये ठेवू नका. रक्ताची अँटीबॉडी तपासणीही होते, तीही विचारा. शाळेत मुलांना देतात ती अल्बेंडाझोलची एक गोळी याला पुरत नाही. डॉक्टर आयव्हरमेक्टिन देतात. अळी सापडली तर रिपोर्ट त्याच दिवशी त्यांना दाखवा.