टॅबवरचा ठिपका

हिंजवडीत कामाला लागून तिसरा महिना. गुरुवार होता, वाकडच्या खोलीवरून काम चालू होतं आणि सकाळपासून लाइट नव्हती. त्यामुळे पाच तासांचं काम उडालं तेव्हा पहिली शिवी मी लाइटलाच हासडली. उगाच. लॅपटॉप बॅटरीवर व्यवस्थित चालू होता. एडिटरने (कोड लिहायचं अ‍ॅप) अपडेट घेतलं, स्वतःच बंद होऊन परत उघडला. टॅब सगळे जागेवर, आत मजकूर मात्र सकाळचा. बगच होता तो. पण नाव घेत नाही, कारण खरा घोळ मी घातला होता.

अपडेटच्या आधी मी गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या टूलमध्ये, कमिट केलं होतं ना, म्हणजे कामाची पक्की नोंद! म्हणून तर निर्धास्त होतो. इथे नीट वाचा. तुम्ही टाइप करता ते आधी नुसतं एडिटरकडे असतं. सेव्ह केलं की फाइलमध्ये उतरतं. गिट डिस्कवरची फाइल बघतं. एडिटरमध्ये काय लिहून ठेवलंय ते त्याच्या गावीही नसतं. टॅबवर ठिपका (सेव्ह न केल्याची खूण) असताना अ‍ॅड (कमिटसाठी फाइल निवडणं), कमिट, अगदी स्टॅश (बदल तात्पुरते बाजूला ठेवणं) केलं तरी जुनीच फाइल जाते. माझ्या सातपैकी चार सेव्ह होत्या. कमिट झालं, कुठे एरर नाही, तीन फाइली बाहेरच. परत सांगतो, कमिट झालं म्हणजे तुम्ही लिहिलेलं आत गेलं असं नाही. गिट शो ही कमांड मारा आणि आपल्या ओळी डोळ्यांनी बघा.

सीनियरने "रिफ्लॉग बघ की" म्हणून फोन ठेवला. रिफ्लॉग म्हणजे गिटची हालचालींची नोंदवही. तिच्यात कमिट सापडतात, जे कमिटच झालं नाही ते कुठून सापडणार? कमांड फेकून मोकळा होणाऱ्या मेंटॉरपेक्षा "दाखव काय झालं" म्हणणारा ज्युनियर परवडला.

सेव्ह करून अ‍ॅड केलं असेल, तर मात्र धीर सोडू नका. नंतर हार्ड रीसेट (फाइली कमिटच्या स्थितीत परत नेणं) मारला तरी 'गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड'ने ते बहुतेक मिळतं. फाइलचं नाव तेवढं नसतं.

आता व्हीएस कोडमध्ये ऑटो सेव्ह 'आफ्टर डिले'वर, १००० मिलिसेकंद. त्याने बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम बनवणं) सारखा पळतो म्हणतात. पळू दे. २०२२ पासून व्हीएस कोडच्या टाइमलाइनमध्ये लोकल हिस्टरीही (फाइलच्या जुन्या प्रती) आहे, पण तिच्यात नोंद होते ती सेव्ह केल्यावर. ठिपक्याला तिथेही थारा नाही.

त्या तीन फाइली रात्री दोन तासांत परत लिहून झाल्या, डोक्यात होत्याच. टीम लीडला सांगायचं धाडस झालं नाही. तुम्ही सांगा, कोणी खात नाही.