शब्द पाठ झाले, तरी इंग्रजी सुधारत नाही? या चुका टाळा

दोनशे पानी वही. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. इंग्रजी शिकवायला लागल्यापासून अशा कितीतरी वह्या माझ्या हातात आल्या. मुलं पहाटे उठून त्या पाठ करतात, कष्टात कसूर ठेवत नाहीत. तरी मुलाखतीत तोंड उघडलं की तेच 'गुड', तेच 'नाइस'. मला या मुलांबद्दल फार वाटतं, कारण त्यांचं अडतं ते त्या उभ्या रेघेपाशी. रेघेपलीकडे एकच अर्थ मावतो.

'कनिंग'समोर 'चतुर' लिहिलेलं असतं, म्हणून एखादी मुलगी शिक्षकदिनाच्या कार्डावर मनापासून 'माय कनिंग टीचर' लिहून जाते. 'कनिंग'मधला कावेबाजपणा वहीत उतरलेलाच नसतो. 'नटोरियस' म्हणजे प्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. 'चाइल्डलाइक' निरागस, तर 'चाइल्डिश' पोरकट.

वाक्प्रचाराचा अर्थ कळला, स्वभाव कळला नाही

एका विद्यार्थ्याने आजोबा गेले तेव्हा ऑफिसात रजेचा अर्ज पाठवला होता: 'माय ग्रँडफादर किक्ड द बकेट यस्टरडे.' त्याच्याकडच्या यादीत या वाक्प्रचारापुढे 'मरण पावणे' एवढंच होतं. काही दिवसांनी तो वर्गात परतल्यावर मी त्याला बाजूला बसवून विचारलं, "शेजारचे काका वारले, तर त्यांच्या मुलाला भेटायला गेल्यावर 'तुझे बाबा गचकले' असं म्हणशील का?" त्याने जीभ चावली. आपल्याकडे निधन झालं, देवाज्ञा झाली, वारले, गेले, खपला, गचकला, असे एकाच गोष्टीला कितीतरी शब्द आहेत, आणि कुठला कुठे वापरायचा हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, ते ऐकून ऐकून अंगवळणी पडलं. 'किक द बकेट' हा गचकण्याच्या पंगतीतला. अर्जात 'पास्ड अवे' किंवा सरळ 'डाइड' लिहावं.

म्हणून वाक्प्रचार वहीत टिपताना तीन गोष्टी लिहा: कोण म्हणतं, कुणाला म्हणतं, कुठे म्हणतं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे खास शिकणाऱ्यांसाठी केलेले शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहेत. त्यांत शब्दापुढे 'फॉर्मल', 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड', 'डिसअप्रूव्हिंग' अशा खुणा असतात. त्या खुणा वगळून अर्थाकडे धावणं ही सर्वांत महागात पडणारी घाई आहे. शाळेत सगळ्यांनी घोकलेलं 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' आज बोलण्यात जुनाट वाटतं. मुसळधार पडत असेल तर 'इट्स पोअरिंग' म्हणा.

मराठीशी जोडी लावणं चांगलंच. 'आगीतून फुफाट्यात' आणि 'आउट ऑफ द फ्राइंग पॅन इंटू द फायर' यांचं छान जुळतं. 'नाचता येईना अंगण वाकडं' याला 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स' आहे. पण दिसायला सारखं ते अर्थानेही सारखं, असं धरून चालू नका. आपण 'हात धुवून घेतले' म्हणतो ते संधी साधली या अर्थाने. इंग्रजीत 'वॉश युवर हँड्स ऑफ इट' म्हणजे हात झटकून मोकळं होणं, अगदी उलट दिशा. पगारवाढीच्या बैठकीत असा घोटाळा झाला तर समोरचा भलतंच समजेल.

शब्दाला सोबतीशिवाय उचलणं

मराठीत चहा कडक, ऊन कडक आणि शिस्तही कडक. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग', ऊन 'स्कॉर्चिंग', शिस्त 'स्ट्रिक्ट'. वारा 'स्ट्राँग' चालतो, पाऊस मात्र 'हेवी'. यामागे नियम शोधत बसू नका, ती बोलण्याची रीत आहे.

क्रियापदांत तर आपली मराठी हमखास डोकावते. आपण चूक 'करतो', म्हणून 'डिड अ मिस्टेक' तोंडात येतं. तिथे 'मेड' हवं. आपण परीक्षा 'देतो', म्हणून 'गिव्ह' म्हणतो. भारतात ते समजून घेतात, बाहेर मात्र विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो आणि 'गिव्ह' करणारा शिक्षक ठरतो. एखाद्या विषयावर चर्चा, म्हणून 'डिस्कस अबाउट'. तो 'अबाउट' काढून टाका.

उपाय साधा आहे. वहीत 'डिसिजन = निर्णय' लिहू नका, 'मेक अ टफ डिसिजन' असा अख्खा तुकडा लिहा आणि खाली स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य. दिवसाला वीस सुटे शब्द लिहिण्यापेक्षा असे पाच तुकडे लिहिलेले मला कधीही आवडतील.

अवघड म्हणजे प्रगत, हा समज

वर्तमानपत्रातल्या अग्रलेखातून दहा वर्षांत एकदा लागेल असा शब्द शोधून पाठ करणारे भेटतात. इंग्रजीचे अध्यापनतज्ज्ञ मायकेल वेस्ट यांनी 1953 साली सुमारे 2000 नेहमीच्या शब्दांची यादी केली. त्यापुढे 2000 साली भाषा-अभ्यासक अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी अभ्यासाच्या लेखनात वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुळांची (एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेले शब्द मिळून एक कूळ) यादी दिली: 'अॅनलाइझ', 'डिराइव्ह', 'सिग्निफिकंट', 'असेस' असे शब्द. आधी हे हाताखाली आणा. परदेशी शिक्षणासाठी द्यावी लागणाऱ्या आयइएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीतही याच शब्दांवर वेळ घालवा.

समानार्थी कोशातून भारदस्त शब्द उचलून साध्याच्या जागी बसवणं हाही त्याच समजाचा भाग. वाक्य लगेच उसनं वाटतं.

'वाचताना कळतो, बोलताना सुचत नाही'

ही तक्रार सगळ्यांची असते. ओळखीचे शब्द नेहमीच वापरातल्या शब्दांपेक्षा जास्त असतात, मराठीतसुद्धा. अडचण एवढीच की आपण सराव एकाच बाजूने करतो: इंग्रजी बघायचं, मराठी आठवायचं. तो उलटा करा. कार्डाच्या पुढच्या बाजूला 'त्याने शब्द फिरवला' असं मराठी लिहा, मागे 'ही वेंट बॅक ऑन हिज वर्ड'. मोठ्याने म्हणा, मग उलटून बघा.

आणि एका रात्रीत शंभर कार्डं नकोत. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून 1885 साली दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. त्यावर 1972 साली जर्मन पत्रकार सेबास्टियान लाइटनर यांनी खोक्यांची युक्ती सुचवली. बुटांचा रिकामा खोका घ्या, पुठ्ठ्याने पाच कप्पे करा. नवं कार्ड पहिल्यात, ते रोज बघायचं. आलं की पुढच्या कप्प्यात सरकवायचं, तिथली कार्डं आणखी उशिरा बघायची. चुकलं तर ते पुन्हा पहिल्यात.

कार्डाच्या कोपऱ्यात उच्चारही देवनागरीत लिहून ठेवा, कोशातला आवाज ऐकून. स्पेलिंगवरून 'एपिटोम' वाटणारा शब्द 'इपिटमी' आहे, 'हायपरबोल' वाटणारा 'हायपर्बली'. उच्चारताना ज्या अक्षरावर आघात, म्हणजे जोर, पडतो त्याखाली रेघ ओढा. देवनागरीत ती एक गोष्ट दिसत नाही.