वर्गात पेंगुळलेलं मूल: दुपार कशी सांभाळावी

बालवाडीत शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी माझ्या वर्गात चार वर्षांचा एक मुलगा होता. सकाळभर हसरा, पण डबा खाऊन झाला की कुणाला तरी ढकलायचा, ठोकळे भिरकवायचा. मी त्याला रागवायचे, कोपऱ्यात वेगळं बसवायचे. एका दुपारी असंच बसवलं आणि दोन मिनिटांत तो भिंतीला डोकं टेकून गाढ झोपी गेला. उठला तो सकाळचाच हसरा मुलगा. जिला मी इतके महिने खोडी समजत होते, ती झोप होती. त्याला दिलेल्या त्या शिक्षांचं मला आजही वाईट वाटतं. बावीस वर्षं झाली, अजून दर जूनमध्ये नव्या ताईंना मी आधी हेच सांगते.

दमलेलं मोठं माणूस मंदावतं. लहान मूल पुष्कळदा उलट वागतं, जास्तच उधळतं. जांभई आणि डोळे चोळणं सगळ्यांनाच कळतं, पण त्याआधीच्या खुणा हेराव्या लागतात. मूल कान ओढतं, एकटक बघत राहतं, सपाट जमिनीवर अडखळतं, रोज लावतं ते बटण त्याला लागेनासं होतं, खडू तुटला म्हणून हमसून रडतं. आठवडाभर एका वहीत मुलाचं नाव, खूण आणि वेळ एवढंच टिपा. त्या मुलाच्या माझ्या सगळ्या नोंदी साडेबारा ते सव्वाच्या दरम्यानच्या निघाल्या. मग मी त्याला सव्वाबारालाच आडवं करू लागले. किरकिर सुरू व्हायच्या आधीची ती पंधरा-वीस मिनिटं साधली तर मूल सहज झोपतं. ती हुकली की थोपटून थोपटून आपला हात दुखतो आणि मूल रडतच राहतं.

यात हट्ट नसतो. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेची ओढ वाढत जाते. लहान मुलांमध्ये ती फार लवकर वाढते. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2016 मध्ये दिलेल्या शिफारशीप्रमाणे 3 ते 5 वर्षांच्या मुलांना दिवसा-रात्री मिळून 10 ते 13 तास झोप हवी, त्यात दुपारची डुलकीही धरलेली आहे. रात्री दहाला झोपून सकाळी साडेसहाला उठणाऱ्या मुलाची साडेआठ तासच होते. उरलेली झोप ते तुमच्या वर्गात मागतं.

झोपेत शिकण्याचा वेळ वाया जातो, असं कुणी म्हटलं तर मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या रेबेका स्पेन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2013 मधला अभ्यास सांगा. मुलांना सकाळी चित्रांच्या जागा लक्षात ठेवायचा खेळ दिला होता. दुपारी झोपू दिलं तेव्हा त्यांना त्या जागा जास्त आठवल्या. ज्या दिवशी दुपारी जागं ठेवलं, त्या दिवशीचं नुकसान रात्रीच्या झोपेनेही भरून निघालं नाही. रोज दुपारी झोपायची सवय असलेल्या मुलांना हा फायदा विशेष दिसला.

आता प्रत्यक्ष झोपवण्याबद्दल. क्रम रोज तोच ठेवा: शू, पाणी, चपला-बूट बाहेर, पट्टा सैल, अंथरूण, हळू आवाजात एक गोष्ट. उजेड कमी करा, पण प्रत्येकाचा चेहरा दिसला पाहिजे. पांघरूण तोंडावर येऊ देऊ नका. शेजारच्या अंथरुणांवर डोकी उलटसुलट ठेवली की गप्पा थांबतात आणि खोकलाही एकमेकांच्या तोंडावर येत नाही. थोपटताना आधी मुलाच्या श्वासाच्या लयीत थोपटा, मग हात हलका आणि सावकाश करत न्या. काही मुलांना स्पर्श नको असतो. त्यांच्याजवळ नुसतं बसलं तरी पुरतं. आणि ‘झोप नाहीतर बाहेर उभं करीन’ हे वाक्य वर्गात कधीही नको. भीतीने डोळे मिटतात, झोप लागत नाही.

मी ‘झोपा’ म्हणतच नाही, ‘अंग टेकवा’ म्हणते. बहुतेक मुलांची दुपारची झोप 3 ते 5 वर्षांच्या दरम्यान सुटते, म्हणून एकाच वर्गात दोन्ही तऱ्हेची मुलं असणारच. वीस मिनिटं सगळ्यांनी पडायचं. त्यानंतरही जागं असलेल्यांनी चित्रांची पुस्तकं घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात बसायचं.

उठवताना घाई नको. या वयात झोपेचं एक चक्र साधारण तासाभराचं असतं. गाढ झोपेतून ओढून उठवलं की मूल बराच वेळ बावचळलेलं राहतं. पडदा सारा, वर्गातले नेहमीचे आवाज होऊ द्या, पाठीवरून हात फिरवा. मात्र तीननंतर झोपू देऊ नका, रात्री झोप यायला उशीर होतो.

रात्री पुरेशी झोप होऊनही मूल रोज मलूल असेल, घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर डॉक्टरांना दाखवायला पालकांना आवर्जून सांगा. टॉन्सिल्स किंवा अॅडेनॉइड्स (नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी) वाढलेले असू शकतात, रक्तात लोह कमी असू शकतं. डोक्याला मार लागल्यावर आलेली गुंगी, किंवा हाक मारूनही नीट जागं न होणं, याला डुलकी समजू नका. लगेच डॉक्टर गाठा.

‘दुपारी झोपवू नका, रात्री अकरापर्यंत जागतो,’ असं सांगणारी आई खोटं बोलत नसते. तिलाही सकाळी लवकर उठायचं असतं. अशा घराशी मी एका आठवड्याचा करार करते: मी डुलकी अर्ध्या तासावर आणते आणि लवकर उरकते, त्यांनी संध्याकाळी टीव्ही-मोबाइल लवकर बंद करून दिवे मंद करायचे. रोज सुट्टीच्या वेळी चिठ्ठीवर लिहून देते, ‘साडेबारा ते एक झोपला’. दुसऱ्या दिवशी त्याच चिठ्ठीच्या मागे आई रात्रीची वेळ लिहून आणते. शनिवारी त्या चिठ्ठ्या आम्ही दोघी समोर मांडून बसतो आणि पुढच्या आठवड्यातली वेळ ठरवतो.